रत्नागिरीचे राजबंदी

रत्नागिरी म्हटलें कीं आपल्या घरांतील लहानथोरांच्या डोळ्यांपुढें प्रथम हापूस आंब्याची पेटी उभी राहते, त्यानंतर समुद्र, आणि मग लोकमान्यांचें जन्मस्थान. या तीनहि गोष्टींचा अभिमान योग्यच आहे. परंतु या नगरास आणखी एक इतिहास आहे, आणि तो प्रवासी मंडळींच्या सहसा ध्यानीं येत नाहीं. १८८६ पासून १९३७ पर्यंतच्या एकावन्न वर्षांपैकीं बहुतेक सर्व काळ, सरकारला जीं माणसें लोकांच्या दृष्टीआड परंतु आपल्या नजरेखालीं ठेवावयाचीं होतीं, त्यांतील कोणी ना कोणी रत्नागिरींत राहत होतें. रशियाच्या झारांनीं अशा कामासाठीं सैबेरियाचा ओसाड मुलूख राखून ठेवला होता. इंग्रज सरकारनें नारळी-पोफळींच्या सावलींतील हें सुंदर बंदर पसंत केलें. हवा निराळी, निसर्ग निराळा. परंतु राजनीतिहि निराळी होती काय, हा प्रश्न मनांत धरून आम्हीं गेल्या माघांत तेथील प्रवास केला. त्याचा वृत्तांत वाचकांस सादर करीत आहों.

आमच्या मंडळींत आम्ही व आमचे बंधु, दोघांचीं कुटुंबें, चार मुलें आणि घरांतील वडील म्हणून काकू, इतकीं माणसें होतीं. हल्लीं हा प्रवास फार सोपा झाला आहे. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हांपासून रात्रीं मुंबईस गाडींत बसावें आणि पहांटे रत्नागिरीस उतरावें. १८८६ सालीं असें नव्हतें. मुंबईहून आगबोटीनें यावें लागे, आणि पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं बोटी बंद पडत. घाटमाथ्यावर जावयाचें तर आंबा घाटानें कोल्हापूरची वाट धरावी लागे. पूर्वेस सह्याद्रि आणि पश्चिमेस सागर. बंदिवानाभोंवतीं तट बांधण्याचा खर्च येथें निसर्गानेंच वांचविला होता. ज्या कोणीं ही जागा निवडली त्यानें नकाशा नीट पाहिला होता, असेंच म्हणावें लागतें.

स्नान, फराळ आटोपून आम्ही प्रथम थिबा राजवाड्याकडे गेलों. हा वाडा गांवाच्या कडेस उंचवट्यावर आहे. तांबड्या जांभ्या दगडाच्या भिंती, उतरतीं छपरें, अर्धवर्तुळाकार कमानींच्या लांकडी खिडक्या आणि त्यांवरील नाजूक कोरीव काम, असें त्याचें तीन मजली रूप आहे. लांकूड ब्रह्मदेशचें सागवान आहे. आंत संगमरवरी फरशीचें दालन असून मागील बाजूस राजानें आणलेली बुद्धमूर्ति आहे. काकूंनीं पादत्राणें दूर ठेवून तिला नमस्कार केला. आज हा वाडा महाराष्ट्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांत असून आंत वस्तुसंग्रहालय आहे. वाड्याच्या बाजूनें खालीं पाहिलें म्हणजे भाट्याची खाडी, तिला मिळणारा समुद्र आणि होड्यांची ये-जा दिसते. मुलांनीं तो देखावा पाहून टाळ्या पिटल्या. आम्हांस मात्र असें वाटलें कीं, ज्या माणसास हें गांव सोडून जाण्याची मुभाच नव्हती, त्याला ही खाडी रोज पाहून काय वाटत असेल?

थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. त्याचा जन्म १८५९ चा, राज्यारोहण १८७८ चें. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजी फौज इरावतीच्या मार्गानें मंडालेपर्यंत चढून गेली आणि त्या महिन्याच्या २९ तारखेस राजानें शरणागति पत्करली. युद्धाचें निमित्त असें कीं, ‘बाँबे बर्मा’ या इंग्रजी व्यापारी मंडळीनें जंगलांतून तोडलेल्या सागवानाचा हिशेब चुकता केला नाहीं, म्हणून थिबाच्या दरबारानें तिला मोठा दंड ठोठावला होता. ब्रह्मदेशांत फ्रेंचांचा शिरकाव होईल ही धास्तीहि इंग्रजांस होतीच. १ जानेवारी १८८६ रोजीं तें राज्य इंग्रजी मुलखास जोडण्यांत आलें. राजा, राणी सुपायलात, धाकटी राणी आणि दोन लहान मुली यांना आधीं मद्रासेस व तेथून १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आणून ठेविलें. मद्रासेस तिसरी मुलगी झाली, आणि १८८७ सालीं चौथी रत्नागिरींतच जन्मली.

वाचकांनीं येथें थोडा हिशेब करावा. राजा आला तेव्हां सत्तावीस वर्षांचा होता. आज आपण जो वाडा पाहतों तो तयार होऊन तो तेथें राहावयास गेला १९१० सालीं. तोंपर्यंत चोवीस वर्षें त्यानें सरकारनें दिलेल्या बंगल्यांत काढलीं होतीं. डिसेंबर १९१६ मध्यें तो वारला, तेव्हां त्याचें वय सत्तावन्न होतें. म्हणजे आयुष्याचा अर्ध्याहून अधिक भाग येथें गेला, आणि वाड्याचा उपभोग अवघीं सहा वर्षें. त्याच्यावर देखरेखीसाठीं पोलीस अधिकारी नेमलेला असे. नेमणूक मिळे, परंतु ती राजास पुरत नसे. बरोबर आणलेलीं रत्नें एकामागून एक विकलीं जात. व्हाइसरॉयांकडे तो अर्ज करीत राही. तीस वर्षें अशींच गेलीं.

आमचे बंधु मुलांना हा वृत्तांत सांगत होते तेव्हां थोरल्या मुलानें विचारलें, “बाबा, याच्यावर खटला कोठें चालला?” बंधूंनीं सांगितलें, “चाललाच नाहीं.” “मग शिक्षा किती वर्षांची होती?” “तीहि कधीं ठरली नाहीं.”

काकू हें सारें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, पण हा राजा तरी कोठें मोठा साधु होता? आपल्याच भावाबहिणींना यानें मारविलें म्हणतात.”

काकूंचें म्हणणें खरें होतें. १८७९ च्या फेब्रुवारींत मंडालेच्या राजवाड्यांत राजकुलांतील सुमारें ऐंशीं स्त्री-पुरुष व मुलें यांची कत्तल झाली. राजा तेव्हां वीस वर्षांचा होता. बेत त्याच्या सासूचा व दरबारी मंडळींचा होता असें पुष्कळ इतिहासकार म्हणतात. परंतु राज्य त्याच्या नांवाचें होतें, तेव्हां दोषहि त्याच्या नांवावर राहणारच. त्या अभागी जीवांनाहि कोणीं न्यायासनापुढें उभें केलें नव्हतें. राजवाड्याची इच्छा हाच तेथें कायदा होता. मात्र हें ध्यानांत घ्यावें कीं, थिबाला पदच्युत करणारांनीं या पातकाबद्दल त्याच्यावर आरोप ठेवून न्याय केला नाहीं. सागवानाच्या दंडावरून राज्य घेतलें आणि सरकारी हुकुमानें माणूस दूर नेऊन ठेविला. दिल्लीच्या बहादुरशहास १८५८ सालीं रंगूनला धाडण्यापूर्वीं निदान खटल्याचा देखावा तरी झाला होता. थिबासाठीं तेवढीहि तसदी कोणीं घेतली नाहीं.

येथें रशियाचा विचार करणें अवश्य आहे. १८२५ सालीं पीटर्सबर्ग येथें कांहीं लष्करी अधिकाऱ्यांनीं झारच्या सत्तेस मर्यादा पडावी म्हणून उठाव केला. पहिल्या निकोलस झारनें त्यांतील पांच जणांना फांशीं दिलें व शंभरांहून अधिक लोकांना सैबेरियांत पाठविलें. त्यांच्यांतील कित्येकांच्या बायका सरदारी वैभव सोडून नवऱ्यांच्या मागोमाग तिकडे गेल्या. पुढच्याच वर्षीं ‘तिसरा विभाग’ या नांवाचें गुप्त पोलीस खातें निघालें. कोण काय वाचतो, कोण कोणाकडे जातो, हें त्यानें पाहावें. १८४९ सालीं डोस्टोव्हस्की या तरुण लेखकास एका मंडळाच्या बैठकींत निषिद्ध पत्र वाचल्याच्या आरोपावरून देहान्त शिक्षा झाली. मैदानांत नेऊन, सोबत्यांना खांबांस बांधून, अगदीं शेवटच्या क्षणीं झारची ‘दया’ वाचून दाखविण्यांत आली, आणि त्याची रवानगी चार वर्षांच्या सक्तमजुरीवर ओम्स्क येथें झाली. १८८१ सालीं दुसऱ्या अलेक्झांडर झारचा बाँबनें वध झाल्यावर जो कायदा आला त्यानें तर न्यायालयाची अडचणच दूर केली. अधिकाऱ्यांना जो मनुष्य अपायकारक वाटेल त्यास नुसत्या हुकुमानें पांच वर्षांपर्यंत हद्दपार करतां येऊं लागलें. हा कायदा तीन वर्षांपुरता तात्पुरता म्हणून काढला होता. तो पुनःपुन्हां वाढवीत १९१७ पर्यंत, म्हणजे झारशाही कोसळेपर्यंत, चालविला गेला.

जुलमाची खरी खूण आम्हांस येथें दिसते. बर्फ, बेड्या आणि चाबूक हीं त्याचीं बाह्य अंगें होत. त्याचा गाभा एवढाच कीं, माणसाला आपला अपराध कोणत्या न्यायासनापुढें सिद्ध झाला हें कळूं नये, आणि आपण केव्हां सुटणार हेंहि कळूं नये. हा गाभा कायम ठेवून बाहेरून संगमरवरी फरशी बसविली तरी वस्तु बदलत नाहीं.

दुपारीं ऊन उतरल्यावर आम्ही टिळक आळींत गेलों. २३ जुलै १८५६ रोजीं लोकमान्य जेथें जन्मले तें कौलारू घर सरकारनें जतन केलें आहे. वडील गंगाधरपंत शिक्षक होते; १८६६ सालीं त्यांची बदली पुण्यास झाली आणि टिळकांचें बालपणीचें रत्नागिरीचें वास्तव्य संपलें. अंगण स्वच्छ आहे, झाडांची सावली आहे, आणि घर आपल्यापैकीं कोणाच्याहि आजोळासारखें दिसतें. या घरांत उभें राहून मंडालेची आठवण न होणें अशक्य आहे.

१८९७ साल घ्या. फेब्रुवारींत रशियांत लेनिन यांना कोणत्याहि न्यायालयांत उभें न करतां तीन वर्षांसाठीं सैबेरियांत पाठविण्याचा हुकूम झाला. त्याच सालीं, पुण्यांत रँडचा खून झाल्यावर, सरदार नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखालीं खटल्यावांचून अटकेंत ठेवून त्यांची मिळकत जप्त करण्यांत आली. आणि त्याच सालीं टिळकांना ‘केसरी’तील लेखांबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. टिळकांना न्यायालय मिळालें हें खरें. परंतु ज्यूरींतील सहा युरोपियनांनीं त्यांस दोषी ठरविलें आणि तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी. १९०७ सालीं लाला लजपतराय यांना १८१८ च्या बंगाल रेग्युलेशनखालीं, खटल्यावांचून, मंडालेच्या किल्ल्यांत नेऊन ठेविलें. पुढें एक वर्षानें टिळकांची पाळी पुन्हां आली.

१२ मे १९०८ च्या ‘केसरी’त टिळकांनीं मुझफरपूरच्या बाँबविषयीं लिहितांना, हिंदुस्थानासारख्या शांत देशाची स्थिति रशियासारखी होऊं लागली याबद्दल खेद प्रकट केला होता. आजारी माणसास त्याच्या रोगाचें नांव सांगावें तसें तें होतें. परंतु रोगाचें नांव घेणें हाच राजद्रोह ठरला. त्या व पुढील लेखांवरून २२ जुलै रोजीं, म्हणजे बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीं, त्यांस सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लेख मराठींत होते. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी होते, आणि सातांविरुद्ध दोन मतांनीं निकाल झाला. मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर राहिले. ती वार्ता युरोपांत पोहोंचली, आणि सैबेरियांतून सुटून परदेशीं राहणाऱ्या लेनिन यांनीं आपल्या लेखांत या शिक्षेचा निषेध करून संपाची प्रशंसा केली.

शिक्षेचें स्वरूप पुढें साध्या कैदेंत बदललें आणि टिळकांना मंडालेच्या किल्ल्यांतील तुरुंगांत ठेवण्यांत आलें. ज्या राजवाड्यांतून थिबाला काढलें होतें तोहि त्याच किल्ल्याच्या आंत होता. १९०८ पासून १९१४ पर्यंत अशी स्थिति होती कीं मंडालेचा राजा रत्नागिरींत आणि रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य मंडालेंत. दोघांची भेट कधीं झाली नाहीं. परंतु एकाच सत्तेनें दोन देशांतील माणसांची अशी अदलाबदल केली, याहून तिच्या स्वभावाचें अधिक चांगलें वर्णन कोणी लेखक करूं शकणार नाहीं. टिळकांनीं त्या एकांतांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत शिसपेन्सिलीनें ‘गीतारहस्य’ लिहिलें. १९१२ सालीं त्यांच्या पत्नी पुण्यास निवर्तल्या. त्यांस अखेरचें पाहणेंहि त्यांच्या नशिबीं नव्हतें. आमच्या काकूंनीं एवढेंच म्हटलें, “त्या माउलीनें काय राजद्रोह केला होता?”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पतितपावन मंदिरांत गेलों. हें मंदिर भागोजीशेठ कीर यांनीं स्वतःच्या पैशानें बांधलें, व २२ फेब्रुवारी १९३१ रोजीं तें सर्व जातींच्या हिंदूंसाठीं खुलें झालें. त्यामागील प्रेरणा विनायकराव सावरकरांची. अंदमानांतून १९२१ सालीं परत आणल्यावर त्यांना कांहीं काळ रत्नागिरीच्या तुरुंगांत ठेविलें होतें. ६ जानेवारी १९२४ रोजीं त्यांची सुटका झाली ती दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीवांचून जावयाचें नाहीं, आणि राजकारणांत भाग घ्यावयाचा नाहीं. मुदत पांच वर्षें. पुढें ती वाढत वाढत तेरा वर्षांवर गेली, आणि १० मे १९३७ रोजीं ते पूर्णपणें मोकळे झाले. सावरकरांच्या मतांविषयीं वाचकांमध्यें मतभेद असतील. तो येथें विषय नव्हे. विषय इतकाच कीं, तात्पुरती म्हणून लावलेली बंधनें सत्ताधाऱ्याच्या मर्जीनें वाढत जाण्याचा जो प्रकार १८८१ च्या रशियन कायद्यांत झाला, तोच येथें एका माणसाच्या बाबतींत झाला. रस्त्यावर मोकळ्या दिसणाऱ्या माणसाच्या पायांत जिल्ह्याएवढी लांब साखळी असूं शकते.

शेवटीं आम्ही थिबाच्या समाधीकडे वळलों. राजवाडा पाहून परतणारे बहुतेक लोक येथें येत नाहींत. राजाचें शव ब्रह्मदेशीं नेऊं द्यावें अशी राणीची मागणी होती. ती मान्य झाली नाहीं, आणि अखेर १९१९ सालीं सरकारनें त्याचें व १९१२ मध्यें वारलेल्या धाकट्या राणीचें दफन येथेंच केलें. त्याच सालीं सुपायलात राणीस मुलींसह ब्रह्मदेशीं परत जाऊं दिलें, तेंहि मंडालेस नव्हे, रंगूनला. १९२५ सालीं ती तेथें वारली. बहादुरशहाची कबर रंगूनला, आणि मंडालेच्या राजाची रत्नागिरीस! २०१२ च्या डिसेंबरांत ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन येथें येऊन गेले, तेव्हां कांहीं दिवस या समाधीची चर्चा झाली.

मुलींची कथा सर्वांत करुण आहे. चौघींचें बालपण व तारुण्य या गांवांत गेलें. त्या मराठी बोलूं लागल्या. त्यांच्या तोलाचे वर ब्रह्मदेशीं. तेथें जाण्यास बंदी. थोरलीचें मन राजवाड्यावरील एका नोकराशीं जडलें, आणि तिला मुलगी झाली. आई-बहिणींबरोबर ती ब्रह्मदेशीं गेली खरी, परंतु पुन्हां रत्नागिरीसच परतली, आणि १९४७ सालीं येथेंच दारिद्र्यांत वारली. तिची मुलगी याच गांवांत मराठी संसार करून २००० सालीं निवर्तली. येथें जन्मलेल्या चौथ्या मुलीनें पुढें सरकारकडे आपल्या कुळाचे हक्क मागितले. तेव्हां तिलाहि रंगूनहून मोलमीनला धाडलें, आणि १९३६ सालीं ती तेथें वारली. खटल्यावांचून दिलेली शिक्षा एका माणसावर थांबत नाहीं. ती घरांत शिरते, मुलींच्या लग्नांच्या आड येते आणि नातवंडांपर्यंत पोहोंचते.

थिबाच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनीं, मार्च १९१७ मध्यें, दुसऱ्या निकोलस झारला सिंहासन सोडावें लागलें. त्याच वर्षीं त्याला बायकामुलांसह सैबेरियांत तोबोल्स्क येथें नेऊन ठेविलें; ज्या मुलखांत त्याच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पाठविलें तेथेंच तो स्वतः बंदिवान झाला. १९१८ च्या जुलैंत त्याला, राणीला व पांचहि मुलांना कोणत्याहि न्यायालयावांचून गोळ्या घालण्यांत आल्या. आणि नव्या राजवटीनें सैबेरिया ओस पडूं दिला नाहीं. पूर्वींपेक्षां अधिक भरला. सत्ता बदलली म्हणजे संवय बदलतेच असें नाहीं, हा त्यांतील बोध.

आपल्याकडेहि हा बोध विसरण्यासारखा नाहीं. १९५० च्या राज्यघटनेंतच प्रतिबंधक स्थानबद्धतेस बाविसाव्या कलमानें जागा ठेवली आहे. १९७५ च्या आणीबाणींत ‘मिसा’खालीं हजारों माणसें खटल्यावांचून तुरुंगांत गेलीं. त्यांना न्यायालयांत दाद मागतां येत नाहीं असा निकाल १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं दिला, एकटे न्या. ह. रा. खन्ना विरुद्ध राहिले. त्यांचें म्हणणें बरोबर होतें हें त्याच न्यायालयानें २०१७ सालीं मान्य केलें. इतकीं वर्षें त्यास लागलीं.

वाचकांपैकीं जे कोणी मुलांबाळांसह रत्नागिरीस जातील त्यांनीं समुद्र अवश्य पाहावा, आंब्याच्या दिवसांत गेल्यास आंबेहि आणावेत. परंतु राजवाडा, टिळकांचें घर, पतितपावन मंदिर आणि समाधि हीं चार स्थळें एकाच फेरींत पाहावींत, आणि प्रत्येक ठिकाणीं मुलांना दोन प्रश्न विचारावयास शिकवावें: खटला कोठें झाला? आणि मुदत किती होती? राजा कोण, पक्ष कोणता, बंदिवान आपल्याला आवडतो कीं नाहीं, याचा विचार न करतां जीं मुलें हे दोन प्रश्न विचारण्यास शिकतील, त्यांच्या पिढींत कोणत्याहि सुंदर गांवाचा सैबेरिया करणें सोपें जाणार नाहीं.